ऐकणारा वेगळा, ठरवणारा वेगळा

यंत्र बिघडते, याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यात मोटर फिरते, पाणी तापते किंवा वीज खेळते अशी कोणतीही वस्तू कधी ना कधी थांबणारच, आणि ज्या घरात धुणे, वाटण, पिण्याचे पाणी असे सगळेच यंत्रांवर सोपवलेले आहे त्या घराला याची सवय ठेवावीच लागते. माझा राग आहे तो त्यानंतर जे सुरू होते त्यावर. वस्तू विकताना दुकानात जो माणूस आपल्यासमोर उभा असतो त्याला बरेच अधिकार असतात: तो किंमत कमी करतो, जुनी वस्तू बदल्यात घेतो, हप्ते बांधून देतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माल घरपोच करण्याचा शब्द देऊन तो पाळतोही. तीच वस्तू बिघडली की आपले म्हणणे ऐकणारा एक असतो आणि त्यावर निर्णय घेणारा दुसराच असतो. हा दुसरा कुठे बसतो, त्याचे नाव काय, त्याच्याशी बोलायचे कसे, हे पहिल्यालाही ठाऊक नसते. गेल्या काही महिन्यांत या एका गोष्टीने मला जितके अस्वस्थ केले तितके पैशांच्या नुकसानीने केलेले नाही.

आमच्या कोथरूडच्या घरातले वॉशिंग मशीन पूर्ण वॉरंटीची मुदत संपल्यावर थोड्याच काळात बंद पडले. त्याच्या दर्शनी भागावर ‘मोटरवर १० वर्षांची वॉरंटी’ असे ठळक अक्षरांत चिकटवलेले होते, आणि मशीन घेताना विक्रेत्याने त्या ओळीवर आवर्जून बोट ठेवले होते. सर्व्हिस सेंटरहून आलेल्या मुलाने मागचे झाकण उघडले, मीटर लावून पाहिला आणि सांगितले की मोटर ठणठणीत आहे, गेला आहे तो कंट्रोल बोर्ड, म्हणजे ज्याला सगळे पीसीबी म्हणतात तो. आणि बोर्ड वॉरंटीत बसत नाही. त्या रात्री मी वॉरंटीची पुस्तिका काढून शेवटच्या पानापर्यंत वाचली. ब्रश नसलेल्या आजच्या मोटरमध्ये घासून झिजणारा भाग फारसा उरलेला नसतो, त्यामुळे ती सहसा जात नाही. ओल, उष्णता आणि विजेच्या दाबातले चढउतार यांचा मार बसतो तो तिला हुकूम देणाऱ्या बोर्डावर. म्हणजे जो भाग सहसा बिघडत नाही त्याच्याविषयीचे आश्वासन मोठ्या अक्षरांत दर्शनी बाजूला, आणि ज्याच्या बिघडण्याची शक्यता अधिक त्याच्याविषयीची अट बारीक अक्षरांत आतल्या पानावर. शब्दशः पाहिले तर यात खोटे काहीच नाही, मोटरवर वॉरंटी खरोखरच आहे. पण ती ओळ वाचून ग्राहकाच्या मनात संपूर्ण मशीनबद्दल जो भरवसा तयार होतो तो खोटा असतो, आणि तो तसा तयार होणार हे ती ओळ छापणाऱ्याला पुरते ठाऊक असते.

नव्या बोर्डाची किंमत नव्या मशीनच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी होती. “काकू, त्यापेक्षा नवीनच घ्या, एक्स्चेंजमध्ये बरा भाव मिळेल,” असे त्या मुलाने आपुलकीने सुचवले. बोर्ड दुरुस्त होत नाही का, असे विचारल्यावर तो म्हणाला की कंपनीत बोर्ड दुरुस्त करत नाहीत, फक्त बदलतात. आणि बाहेर कुणाकडे उघडला तर मोटरची वॉरंटीसुद्धा जाईल.

मग मी कस्टमर केअरला फोन केला. भाषेसाठी हे बटण, सेवेसाठी ते बटण, असे करत बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलू लागली. ती अत्यंत नम्र होती. तिने झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तक्रारीचा क्रमांक दिला आणि ४८ तासांत संबंधित टीम संपर्क साधेल असे सांगितले. पुढच्या फोनवर दुसरेच कुणी होते. त्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागली, त्यानेही तितक्याच नम्रपणे दिलगिरी व्यक्त केली आणि तक्रार वर पाठवतो म्हणाला. बोर्ड इतक्या लवकर का गेला आणि त्याची किंमत इतकी का, हे मला लेखी कळवा, एवढीच माझी मागणी होती. तिचे उत्तर कुणाकडेच नव्हते. दरम्यान मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली असून आपण कितपत समाधानी आहात ते १ ते ५ या आकड्यांत कळवावे. मशीन बंदच होते.

या मुलांवर राग काढणे मला पटत नाही, कारण ती आपल्याच घरांतली आहेत. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची मुलगी खराडीच्या एका मोठ्या इमारतीत हेच काम करते, फक्त तिचे ग्राहक परदेशातले असतात. ती सांगते की प्रत्येक कॉल सरासरी किती मिनिटांत संपवला याची नोंद होते, त्याला तिथे एएचटी म्हणतात, आणि ते मिनिट वाढले की महिन्याच्या शेवटी जाब द्यावा लागतो. काय बोलायचे ते पडद्यावर लिहून दिलेले असते. ठरावीक रकमेपर्यंतचा परतावा तिला देता येतो, त्यापुढचा नाही. “काकू, समोरच्याचं म्हणणं खरं आहे हे मला कळत असतं, पण ‘हो, आमची चूक झाली’ हे वाक्य माझ्या स्क्रिप्टमध्ये नाही,” असे ती एकदा जिन्यात उभ्या उभ्या म्हणाली. तिच्या आवाजात थकवा होता. दिवसभर लोकांचे गाऱ्हाणे ऐकायचे, त्यातले कोणते खरे हे ओळखायचे आणि तरीही काही करण्याचा अधिकार आपल्याला नाही हे पचवायचे, हे काम माणसाला आतून किती पोखरत असेल याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. शिव्या खाण्यासाठी एक माणूस पुढे बसवायचा आणि ज्याने निर्णय घेतले त्याला मागे सुरक्षित ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे. खराडीत आणि हिंजवडीत बसलेली पुण्याची मुले परक्यांचा राग झेलतात आणि त्याच वेळी आपण आणखी कुठल्या गावात बसलेल्या मुलांवर राग काढतो.

घरी येणाऱ्या मुलांची स्थिती याहून बिकट आहे. त्यातले पुष्कळसे कंपनीचे नोकर नसतातच. सर्व्हिसचे काम फ्रँचायझीकडे दिलेले असते आणि फ्रँचायझी त्यांना कॉलमागे पैसे देते. काम झाल्याची खूण म्हणून ग्राहकाच्या मोबाइलवर एक कोड येतो, काही कंपन्या त्याला ‘हॅपी कोड’ म्हणतात, आणि त्या मुलाने तो आपल्या ॲपमध्ये भरला की कॉल बंद झाला असे धरले जाते. आमच्याकडे आलेला मुलगा लातूरकडचा होता, वारज्याला मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होता आणि स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलने शहरभर फिरत होता. निघताना तो म्हणाला, “काकू, कोड देता का? कॉल ओपन राहिला तर माझ्या पैशातनं कापतात.” काम तर झाले नव्हते. मी कोड दिला नाही, त्याला चहा दिला. एका बाजूला माझा हक्क आणि दुसऱ्या बाजूला त्याची दिवसाची कमाई, असे आम्हा दोघांना एकमेकांसमोर उभे करणारी ही पद्धत ज्याने आखली तो माझ्या दारात कधी येणार नाही, आणि त्या मुलालाही तो कधी भेटलेला नाही.

पुण्यातल्या जुन्या दुकानदारांच्या तुटक बोलण्याविषयी आजवर पुष्कळ हसून झाले आहे. मला मात्र त्या बोलण्यामागचे दुसरे काही तरी आता उमगते. माझ्या लहानपणी वडिलांनी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून मिक्सर घेतला होता. त्याचे भांडे गळू लागले तेव्हा ते मला बरोबर घेऊन तिथे गेले. मालक गल्ल्यावरच बसलेले होते. भांडे उलटसुलट करून त्यांनी आधी वडिलांनाच ऐकवले की एवढे काठोकाठ भरल्यावर दुसरे काय होणार. आणि मग एक शब्दही न बोलता आतून नवे भांडे आणवून ठेवले. जुन्या पावतीच्या मागे तारीख घालून सही केली. बोलण्यात गोडवा नव्हता, दुपारी १ ते ४ दुकान बंद म्हणजे बंद असे, पण ज्याने विकले तोच ऐकत होता आणि जो ऐकत होता तोच ठरवत होता. त्यांना कुणाला विचारायचे नव्हते. आज नम्रता भरपूर मिळते, ती शिकवून तयार केलेली असते, आणि तिच्यामागे कुणाचाही शब्द उभा नसतो.

याचा अर्थ तो काळ चांगला होता असा मी लावत नाही. डाळीत भेसळ होती, काट्यात मारलेले वजन होते, रॉकेलच्या रांगा होत्या, टेलिफोन आणि स्कूटर यांसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक बिलावर छापलेली असे. तो दुकानदार सज्जन होता म्हणून वडिलांचे काम झाले. तो तसा नसता तर त्यांच्या हातात काहीही नव्हते. नेमक्या याच असहायतेवर याच शहरात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकेकट्या ग्राहकाला बाजारात वजन नसते, तो संघटित झाला तरच त्याचे कुणी ऐकेल, हा विचार केंद्राचा ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या एक तप आधी पेठांमधल्या घराघरांतून मांडला जात होता. तो कायदा १९८६ च्या डिसेंबरमध्ये आला आणि २४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

आता १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. तो जुलै २०२० पासून लागू झाला, आणि मी तो या निमित्ताने बसून वाचला. वाचून मला धीर आला, हे मोकळेपणाने सांगते. पूर्वी तक्रार समोरच्या कंपनीचे कार्यालय जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथे करावी लागे. आता ती आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, त्यामुळे दिल्लीच्या कंपनीविरुद्ध पुण्यात बसून दाद मागता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य आहे. वकील नेमण्याची सक्ती नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो, सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची मागणी करता येते. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा. बिलावरची ती जुनी ओळ आजही काही दुकानांत दिसते. सदोष मालाच्या बाबतीत तिला काडीची किंमत नाही. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० सालीच वेगळे नियम झाले आणि त्यांत तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी व एका महिन्यात तक्रार निकाली काढावी असे स्पष्ट लिहिले आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते, आणि पुष्कळ तक्रारी आयोगापर्यंत न जाता तिथेच मिटतात.

मात्र कायद्याच्या वहीतला काळ आणि प्रत्यक्षातला काळ यांत अंतर आहे. समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागणार असेल तर ५ महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडत वर्षे जातात, हे आयोगाच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही विचारावे. उत्तर देण्यासाठी कंपनीला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतील, त्यापुढे एकही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठामपणे सांगितले. उशीर हेच हत्यार होऊ नये म्हणून असे सांगावे लागले, यातच सगळे आले. मोठ्या कंपनीचा हिशेब सरळ असतो. शंभर जणांचा बोर्ड गेला तर त्यातले बहुतेक निमूटपणे पैसे भरतात, काही जण नवे मशीन घेतात, काही फोन करून दमतात, आणि आयोगापर्यंत जाणारा एखादाच असतो. त्या एकाला शेवटी भरपाई द्यावी लागली तरी उरलेल्यांच्या गप्प बसण्यातून ती भरून निघते. आपले गप्प बसणे हा त्यांच्या जमाखर्चातला एक आकडा आहे, हे एकदा लक्षात आले की ‘जाऊ दे, कोण एवढ्याशासाठी भांडणार’ हे वाक्य तोंडातून निघेनासे होते.

ठरवणारा माणूस न सापडण्याचे दुष्परिणाम कधी कधी फार भयंकर होतात. आमच्याच सोसायटीतल्या, एकट्या राहणाऱ्या एका आजींचा पाण्याचा फिल्टर बंद पडला. पुस्तिकेवरचा नंबर लागेना, म्हणून त्यांनी इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. पलीकडचा माणूस पटकन बोलला, गोड बोलला, आणि लगेच मेकॅनिक पाठवतो, फक्त एक ॲप टाकून १० रुपये भरा म्हणाला. त्या ॲपमधून त्याला त्यांच्या मोबाइलचा पडदा दिसू लागला आणि खात्यातली मोठी रक्कम गेली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवायचे असते हे त्यांना माहीत नव्हते आणि दोन दिवस त्यांनी लाजेने कुणाला सांगितलेही नाही. त्या भामट्याचा अपराध त्याचाच आहे. तरीही मला वाटते की खऱ्या कंपनीचा फोन माणसाने वेळेवर उचलला असता तर खोट्या नंबरांचा हा बाजार इतका चालला नसता. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मदतीसाठी अनोळखी नंबर शोधावा लागतो, याची काही जबाबदारी फिल्टर विकणाऱ्याचीही आहे, आणि ती कुठल्याही कायद्याच्या कलमात मला सापडली नाही.

मशीनचा बोर्ड अखेर मी स्वतः बुधवार पेठेत नेला. पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या अरुंद बोळांतून आणि तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक सामानाची जी दुकाने आहेत, त्यांतल्या एका माडीवर बोर्ड दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. बोर्डावर ओल लागू नये म्हणून चिकट, पारदर्शक थर ओतलेला होता. त्याने ओलीपासून बचाव होतो हे खरे, पण त्याच्यामुळे आतला सुटा भाग काढणेही अवघड होऊन बसते. त्यांनी तो थर सावकाश खरवडला, खराब झालेला रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, दाखवला आणि बदलून दिला. त्या भागाची किंमत चहा-नाश्त्याइतकी होती. उरलेली मजुरी त्यांच्या कौशल्याची होती आणि ती मी आनंदाने दिली. कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या मानाने एकूण खर्च नगण्य होता. जी वस्तू एक कारागीर माडीवर बसून दुरुस्त करू शकतो, ती दुरुस्तच होत नाही असे कंपनीने ग्राहकाला सांगायचे, सुटे भाग आणि सर्किटची माहिती बाहेर द्यायची नाही, आणि बाहेर उघडले म्हणून वॉरंटी काढून घेण्याची धमकी द्यायची, हे मला उघड अन्यायाचे वाटते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या ग्राहक दिनी त्याविषयीचे पोर्टलही सुरू केले. पण माझ्या त्या गृहस्थांच्या टेबलावर अजून कोणत्याही कंपनीच्या सर्किटचा नकाशा आलेला नाही. ते अंदाजाने आणि अनुभवाने काम करतात. त्यांचा मुलगा या धंद्यात येणार नाही असे ते म्हणाले.

माडीवरून उतरताना त्यांनी सहज सांगितले की याच मॉडेलचे बोर्ड त्यांच्याकडे वरचेवर येतात, आणि बहुतेकांचा हाच रिले गेलेला असतो. ते ऐकल्यावर मी आमच्या सोसायटीत चौकशी सुरू केली. इमारती नव्या झाल्या तेव्हा अनेकांनी एकाच दुकानातून, एकाच सवलतीत ही मशीन घेतली होती. त्यांतल्या कित्येकांचा बोर्ड वॉरंटी संपताच गेलेला होता आणि त्यांनी मुकाट्याने पूर्ण पैसे भरून तो बदलून घेतला होता. प्रत्येकाला वाटत होते की आपलेच नशीब वाईट. २०१९ च्या कायद्यात अशी तरतूद आहे की एकाच प्रकारचे हितसंबंध असलेले अनेक ग्राहक असतील तर त्यांच्यापैकी एक किंवा काही जण आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. आम्ही ती वाट धरली आहे. तक्रार नुकसानीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत व्हावी लागते, म्हणून ज्यांचा बोर्ड सर्वांत आधी गेला त्यांची कागदपत्रे आधी लावून घेत आहोत. सर्व्हिसच्या पावत्या, तक्रारींचे क्रमांक, मोबाइलवर आलेले ‘तक्रार सोडवली’ असे संदेश, आणि काढून ठेवलेले जुने बोर्ड ज्यांच्याकडे आहेत ते, असे सगळे एका फाइलमध्ये जमा होते आहे. काहींच्या पावत्या हरवल्या आहेत. त्यांच्यासाठी बँकेचे उतारे जोडता येतील का, हे आम्ही विचारून घेतो आहोत. तक्रारीच्या मसुद्यात भरपाईच्या आधी एक मागणी लिहिली आहे: या बोर्डाविषयीचा निर्णय ज्या अधिकाऱ्याने घेतला त्याच्या नावाने आणि सहीने उत्तर यावे.